कापसाच्या खोलीतला बल्ब

मला राग पटकन येतो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. पण तो येतो तसा जातोही. दुपारी चिडले तर संध्याकाळच्या चहापर्यंत माझं मलाच आठवत नाही की कशावरून चिडले होते. त्या बल्बाचा राग मात्र गेला नाही. आता त्या होल्डरमध्ये साधा बल्ब लावला आहे, तरी खोलीत पाऊल टाकताना माझी मान आधी वर जाते आणि डोक्यात तिडीक जाते. वर्ष होत आलं. म्हटलं, एकदा लिहून तरी काढू.

आमचं गाव तेलंगणात, आदिलाबादच्या पुढे, पैनगंगेच्या अलीकडे. नदी ओलांडली की महाराष्ट्र. घरात सासू-सासरे, मी, माझा नवरा, आमची दोन लेकरं, आणि माझी धाकटी जाऊ तिच्या तीन वर्षांच्या मुलीला घेऊन. जावेचा नवरा, म्हणजे माझा दीर, मंचेरियलला कोळसा खाणीच्या एका ठेकेदाराकडे कामाला आहे. महिन्यातून एखाद्या वेळी घरी येतो. मी शेजारच्या गावातल्या मराठी शाळेत शिकवते. शेती नवरा आणि सासरे पाहतात. कापूस, थोडी ज्वारी, बांधाला तूर.

कापूस घरी यायला लागला की आमची पुढची मोठी खोली त्याच्या नावावर होते. पाहुणा आला तरी त्याला अंगणात खाट. भाव मनासारखा येईपर्यंत कापूस तिथंच राहतो, खिडकीच्या वरपर्यंत. आणि त्या ढिगावर बसून आम्ही बायका कवडी वेचतो, म्हणजे किडका, पिवळा पडलेला, बोंडातून नीट न उमललेला कापूस बाजूला काढतो. काम कंटाळवाणं, पण आम्हाला ते आवडायचं, त्याचं कारण वेगळं होतं. त्या खोलीत आवाज बाहेर जात नाही. चारी बाजूंनी कापूस. बोललेलं तिथल्या तिथं मुरतं. आमच्या सासूबाईंचे कान इतके तिखट आहेत की चुलीपाशी बसून त्यांना अंगणातली कुजबुज कळते. पण कापसाच्या खोलीतलं त्यांना कधी कळलं नाही. सासूची उणीदुणी, माहेरची आठवण, दुखणीखुपणी, जे काय असेल ते आम्ही दोघी जावा तिथंच बोलत आलो. वर्षातले तीन महिने आमच्या हक्काची अशी तेवढीच जागा होती.

रात्री सासरे त्या कापसावर झोपायचे, राखणीला. पण मागच्या वर्षी त्यांचा दमा वाढला. डॉक्टरांनी सांगितलं, कापसाच्या तंतूंजवळ झोपायचं नाही. मग राखण कोण करणार? नवरा दिवसभर शेतात राबून मेल्यासारखा झोपतो. तेव्हा कॅमेरा घ्यायची कल्पना माझीच. हे मी मुद्दाम लिहिते आहे. दुसऱ्यांवर चिडायच्या आधी हे लिहायला हवं.

आदिलाबादला मोबाईलच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने बल्बासारखा दिसणारा एक कॅमेरा काढला. होल्डरमध्ये फिरवून बसवायचा, आत सिम टाकायचं, बस. वायर नको, मिस्त्री नको. उजेडही पडतो आणि फोनवर खोलीही दिसते. दुकानदार हिंदीत म्हणाला, "मॅडम, चोर आया तो आप स्कूल से ही चिल्ला सकते, उसको आवाज जाता।" नवऱ्याला ते इतकं आवडलं की त्याने दुकानातच दोनदा "कोन हाय रे!" म्हणून पाहिलं. मी खोक्यावरचं इंग्रजी वाचलं, बरोबर वाचलं, आणि मान हलवली. ज्या वस्तूला तोंड आहे तिला कानही असतील, हे मला सुचलं नाही. शिकवायला जाणाऱ्या बाईला सुचायला पाहिजे होतं.

दिवाळीला दीर आला. आमच्या घरात फोनचं काही असलं की ते त्याच्यासाठी राखून ठेवतात. माझ्या हातातून खोकं घेत तो म्हणाला, "वैनी, द्या इकडं. तुमाले थे जमत नाई." मला जमलं असतं. पण सणाचा दिवस, अनारसे तळायचे होते, मी दिलं. त्याने ॲप स्वतःच्या फोनमध्ये टाकलं, स्वतःच्या नंबरावर, स्वतःच्या पासवर्डने. मग तिथून माझ्या आणि नवऱ्याच्या फोनवर फक्त पाहण्यापुरती परवानगी पाठवली. म्हणजे कॅमेरा आमच्या घरात, कापूस आमचा, आणि मालक मंचेरियलला. आम्ही आपल्याच खोलीत पाहुणे झालो, आणि वरून मी त्याला आणखी दोन अनारसे वाढले.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, म्हणजे माझा मूर्खपणा पुरता कळेल. गावात बचत गटाच्या बायका फोनचं काहीही विचारायला माझ्याकडे येतात. मीच त्यांना सांगते, कोणी ओटीपी मागितला तर देऊ नका, बँकेतून बोलतो म्हणाला तर फोन ठेवून द्या, अनोळखी लिंक दाबू नका. शाळेत पालकांच्या बैठकीतही हेच सांगते. माझ्या फोनला कुलूप आहे, त्याचे आकडे नवऱ्यालाही ठाऊक नाहीत, यावरून घरात थट्टा होते. आणि या सगळ्या शहाणपणात चोर नेहमी बाहेरचा. कुठल्या तरी दूरच्या गावात बसलेला, हिंदी बोलणारा, लबाड. घरातल्या माणसाला पासवर्ड देताना काय विचार करायचा, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही कोणाला सांगितलं नाही. घरच्या माणसाबद्दल असा विचार मनात आणणं हेच आमच्याकडे पाप.

दिवाळीनंतर महिनाभराने जावेने मला ती गोष्ट सांगितली. कापसाच्या ढिगावर बसलो होतो. तिची मुलगी कापसात लोळत होती, बोंडाचं टरफल तोंडात घालत होती. जाऊ हळूच म्हणाली, "बाई, आंगनवाडीची जागा निघाली हाय आपल्या गावात."

माझी जाऊ नेरडीगोंड्याकडची. हायवेच्या कडेचं गाव, तिथं मराठी शाळा नव्हती, म्हणून ती तेलुगू शाळेत दहावी झाली, आणि चांगल्या मार्कांनी झाली. तिचा मेमो, म्हणजे गुणपत्रिका, तिने जपून ठेवला होता. लग्न होऊन इथं आली आणि तिचं शिकणं कोणाच्या लक्षातच राहिलं नाही. पंचायतीच्या फळ्यावरचे तेलुगू कागद आमच्या गावात निम्म्या लोकांना वाचता येत नाहीत. ती पाणी भरायला जाताना वाचून यायची. तसंच हेही वाचून आली होती. गावातली सून पाहिजे, दहावी पास पाहिजे. दोन्ही ती होती.

"दरखास्त करतो मी," ती म्हणाली. "दहावीचा मेमो हाय माह्यापाशी. रहिवासी दाखला तहसीलमधून काढतो. पण घरी कोनाले सांगत नाई. लागलं का मंगच सांगन. आधी सांगतलं तर होऊ देनार नाई."

मी म्हटलं, "नवऱ्याला तरी सांग. मागून कळलं तर जास्त बिनसेल."

"त्यालेच तर नाई सांगायचं," ती म्हणाली. "तुमी बोलजा नका कोनापाशी."

मी मुलीच्या तोंडातलं टरफल काढलं आणि शब्द दिला. नवऱ्यालाही बोलले नाही. मला मनापासून आनंद झाला होता. जाऊ घरात दिवसभर राबते, गोठा, चूल, धुणं, सासूचं पथ्यपाणी, सासऱ्याच्या दम्याच्या गोळ्या. मी सकाळी पर्स घेऊन शाळेत निघते तेव्हा ती दारात उभी राहून पाहायची, ते मला टोचायचं. दाखल्याच्या अर्जाचा मजकूर मी तिच्यासोबत बसून नीट केला. तोही कापसाच्याच खोलीत.

चार-पाच दिवसांनी दीर अचानक आला. सण नाही, वार नाही, कळवलंही नाही. जेवण झालं, आणि कपाटापाशी जाऊन म्हणाला, कंपनीत घरच्या लोकांची मूळ कागदपत्रं दाखवायला लागतात. आधार, रेशनकार्ड, आणि बायकोचा दहावीचा मेमो. मेमो कशाला, हे कोणी विचारलं नाही. जावेचा चेहरा मी पाहिला. तिने कपाटाची किल्ली दिली. निघताना तो चप्पल घालत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "घरात एक मास्तरीण हाय, थे पुरे झाली."

तो गेला. जाऊ माझ्याकडे वळली. नुसतं पाहिलं. मला तेव्हाच कळलं, तिला काय वाटलं ते. ही गोष्ट दोघींनाच ठाऊक होती, आणि "नवऱ्याला सांग" असं तर मी तोंडाने म्हटलं होतं.

मी तिला गाठून सांगितलं, मी बोलले नाही, लेकरांची शपथ. ती "हो" म्हणाली. असं "हो" म्हणाली की त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं. दरखास्तीची मुदत गेली. मूळ मेमो दाखवल्याशिवाय अर्ज घेत नव्हते. मी ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या दुकानात जाऊन दोनदा भांडून आले, तिथल्या माणसाने झेरॉक्स घेतली नाही. जागा गावातल्या दुसऱ्या सुनेला लागली. पोरगी चांगली आहे, तिच्यावर माझा राग नाही. पण ती रोज सकाळी आमच्या दारावरून अंगणवाडीकडे जाते, आणि आमची जाऊ त्याच वेळी सडा टाकत असते.

पौष महिना असाच गेला. कवडी वेचायला ती माझ्यासोबत बसेना. मी शाळेतून यायच्या आत तिचं काम उरकलेलं असायचं. संक्रांतीला तिने मला तीळगूळ दिला, हातावर ठेवला, "गोड बोला" पुढच्या बाईला म्हणाली. सासूबाईंच्या नजरेतून काही सुटत नाही. त्या मला म्हणाल्या, "काय व, तुमा दोघींत मांजर आडवं गेलं का?" मी गप्प राहिले. सांगायचं म्हटलं तर तिची दरखास्त सांगावी लागली असती, आणि शब्द तर दिलेला. म्हणजे जो शब्द मी मोडला असं तिला वाटत होतं, तोच पाळण्यासाठी मी मुकाट बसले होते. चीड यायची. तिची यायची, स्वतःची यायची. दिराला कळलं कसं, या विचाराने डोकं फिरायचं. एक-दोनदा नवऱ्यावरही संशय घेतला, त्याने अर्ज पाहिला असेल म्हणून. बिचारा.

संक्रांतीनंतरची गोष्ट. शाळेत मधली सुट्टी होती. पोरांचं जेवण झालं होतं, मी व्हरांड्यात बसून सहज फोनवर कापूस पाहिला. रोज एकदा पाहायची सवयच लागली होती. पडद्यावर जाऊ दिसली. ढिगावर पाठमोरी बसलेली, फोन कानाला. चित्र नेहमीसारखं मुकं. पडद्याच्या खालच्या बाजूला एक लहानसं चिन्ह असतं, भोंग्याचं, त्यावर आडवी रेघ. दोन महिने ते मी पाहत होते आणि काय आहे म्हणून कधी दाबलं नव्हतं. त्या दिवशी फोन सावरताना अंगठा त्यावर पडला. रेघ गेली आणि माझ्या हातातून माझ्या जावेचा आवाज आला.

"नाई व माय. बोलत नाई मी तिच्याशी."

मी दचकून इकडेतिकडे पाहिलं. आवाज इतका स्वच्छ होता की ती शेजारी बसली आहे असं वाटलं. ती आईशी बोलत होती. "तिनंच सांगतलं. दुसऱ्या कोनाले माईत होतं? तिले वाटलं असन, घरात दुसरी पगारवाली कायले पायजे. मी येडी, तिलेच मोठी बहीन समजत होती."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणतात, ते मला त्या व्हरांड्यात कळलं. एका क्षणात सगळं कळलं. ही खोली ऐकते. पहिल्या दिवसापासून ऐकते. आमच्या फोनवर आवाज बंद होता, त्याच्या फोनवर नव्हता. कापसात आवाज मुरतो, बाहेर जात नाही, म्हणून आम्ही तिथं बसलो. आणि ज्या खोलीत भांड्याचा खणखणाट नाही, कोंबडं नाही, रस्ता नाही, त्या खोलीत आमचा शब्द न् शब्द त्या बल्बाला नितळ मिळत होता. आम्ही स्वतःच्या पायाने चालत जाऊन त्याच्याखाली बसत होतो.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला हात वळत नाही. हे सगळं कळलं त्या क्षणी मी ते चिन्ह परत दाबायला हवं होतं. नाही दाबलं. ऐकत राहिले. आधी वाटलं, माझ्याबद्दल आणखी काय बोलते ते तरी कळू दे. मग ती दुसऱ्याच गोष्टीवर गेली. तिच्या नवऱ्याचं आणि तिचं, तिच्या अंगाचं, असं काही, जे बाई फक्त आईला सांगते. ते मी इथं लिहिणार नाही, कोणालाही सांगणार नाही. ते तिचं आहे. पण मी ते शेवटपर्यंत ऐकलं. सुट्टी संपल्याची घंटा झाली तेव्हाच फोन बंद केला. पोरं वर्गात गेली आणि फळ्यावर काय लिहायचं ते मला आठवेना.

घरी आल्यावर खात्री केली. माझ्या मुलीला कापसावर बसवलं आणि सांगितलं, सातचा पाढा हळू म्हण, मनातल्या मनात म्हटल्यासारखा. मी फोन घेऊन गोठ्यामागे गेले. साती साते एकोणपन्नास, सगळं आलं. सात नवे त्रेसष्टला ती अडखळली, तेही आलं.

मग दिराला फोन लावला. तिथूनच, गोठ्यामागून.

"तुमी कापसाच्या खोलीतलं ऐकता?" मी विचारलं.

 तो हसला. "वैनी, कापूस पाहून राह्यलो होतो मी."

"कापूस बोलते का?"

"माह्या घरातलं मी पाह्यलं तर काय झालं? चोरी केली का?"

"मेमो तुमी काऊन नेला?"

"थे नवराबायकोचं हाय. तुमी मंधात पडू नका." आणि वर म्हणाला, "कॅमेरा तर तुमीच आनला ना, वैनी."

त्याचं शेवटचं वाक्य खरं होतं, म्हणूनच मी जास्त ओरडले. काय काय बोलले ते आठवत नाही. गोठ्यातली गाय उठून उभी राहिली एवढं आठवतं. माझा आवाज ऐकून नवरा आला, त्याच्या मागे सासूबाई. मी दोघांना सांगितलं, हा बल्ब ऐकतो आणि तुमचा पोरगा तिथं बसून सगळं ऐकतो. जावेच्या दरखास्तीचं तोंडातून काढलं नाही. नवरा म्हणाला, "असन. घरचाच मानूस हाय ना. परका तर नाई." या एका वाक्याने मला इतका संताप आला की त्या दिवशी त्याच्या ताटात भाकर वाढायचं सासूबाईंना सांगितलं.

घरचाच माणूस! हे वाक्य मी नंतर जिथं तिथं ऐकलं. शाळेतल्या एका बाईंना नाव न सांगता विचारलं, त्याही हेच म्हणाल्या. फोनच्या दुकानदाराला जाऊन विचारलं की आवाज येतो हे सांगितलं का नाही, तर तो म्हणाला, मॅडम, फॅमिली में क्या छुपाना. म्हणजे ओटीपी विचारणारा परका तेवढा गुन्हेगार. आणि बायको कोणाशी काय बोलते ते दीडशे किलोमीटरवरून कानात घालून घेणारा, तो घरचा. त्याला कोणत्या नंबरावर तक्रार करायची? मला कोणी सांगावं.

सासूबाईंचं मात्र वेगळंच झालं.  मी पाहत होते, त्या मनात आठवत होत्या. दिवाळीपासून त्या खोलीत बसून शेजारणीपाशी काय काय बोलल्या, धाकट्या पोराबद्दल, त्याच्या दारूबद्दल, त्याने बापाला दवाखान्यात भेटायला न येण्याबद्दल. त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला. "माह्या घरात बसून मलेच ऐकते?" त्या म्हणाल्या. "काढा थो बल्ब. आत्ताच्या आत्ता काढा." नवरा चुळबुळला, कापूस अजून घरात आहे म्हणाला. सासूबाईंनी स्वतः स्टूल आणलं. तेव्हा त्याने मुकाट्याने चढून बल्ब काढला. सासऱ्यांनी खाट खोलीच्या दारात ओढली, दमा तर दमा म्हणाले. एवढ्या सगळ्यात जावेचं काय गेलं ते कोणी विचारलं नाही. सासूबाईंचा अपमान झाला म्हणून बल्ब निघाला. एका सुनेसाठी तो निघाला नसता, हे मला पक्कं माहीत आहे.

जाऊ अंगणाच्या कोपऱ्यात भांडी घासत होती. सगळं तिच्या कानावर गेलं होतं, पण ती उठली नाही. दुसऱ्या दिवशी मी शाळेला सुट्टी टाकली आणि तिला शेतात घेऊन गेले, पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांच्या, काड्या गोळा करायच्या निमित्ताने. बांधावर बसवलं. म्हटलं, आता तरी पटलं ना, मी सांगितलं नव्हतं. त्याने ऐकलं, तू मला सांगत होतीस तेव्हाच ऐकलं.

ती बराच वेळ काड्या मोडत बसली. मला वाटत होतं, आता ती रडेल, मी पाठीवरून हात फिरवीन, मधले दोन महिने पुसले जातील. खरं सांगते, मी त्याचीच वाट पाहत होते. मला माझा निर्दोषपणा पाहिजे होता, आणि आजच पाहिजे होता.

तिने विचारलं, "तुमाले कसं माईत झालं, आवाज येते म्हून?"

खोटं बोलता आलं असतं. मुलीचा पाढा होता हाताशी. पण दोन महिने खोटी ठरले होते, पुन्हा खोटं बोलायची इच्छा नव्हती. मी सांगितलं, शाळेतून पाहत होते, अंगठा पडला, तुझा आवाज आला.

"कोनाशी बोलत होती मी?"

"आईशी."

तिच्या हातातली काडी थांबली. "कितीक ऐकलं?"

मी म्हटलं, "सगळं."

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी दीर मेमो घेऊन गेला तेव्हा पाहिलं होतं त्याहून वाईट. म्हणाली, "त्यानं ऐकलं थे मले समजते, बाई. थो तसाच हाय. तुमी काऊन ऐकलं?"

  तिने काड्यांचा भारा बांधला, डोक्यावर घेतला आणि पुढे निघाली. मी मागून. 

मेमो परत आणायचा, एवढं तरी माझ्या हातात आहे असं मी ठरवलं. नवऱ्याला रोज बोलले. सकाळी बोलले, जेवताना बोलले, पाहुण्यांसमोर बोलले. होळीच्या आधी तो वैतागून स्वतः मंचेरियलला गेला आणि मेमो घेऊन आला. दीर त्या वेळी घरी आला नाही, पुढेही माझ्याशी नीट बोलला नाही, त्याची मला गरजही नाही. मी मेमो प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून जावेच्या हातात दिला. तिने तो उघडून पाहिला, नाव वाचलं, पुन्हा पाकिटात घातला. "बरं झालं," म्हणाली.

त्यानंतर आमचं बोलणं सुरू झालं. मीठ दे, लाइट गेली, मुलीला ताप आहे, दळण आणते का. कोणी बाहेरून पाहिलं तर म्हणेल, दोघी जावांचं किती चांगलं जमतं. पावसाळ्यात आम्ही दोघींनी मिळून निंदण केलं. तिने हसून बोलावं असं मी काही ना काही बोलत राहायचे, आणि ती हसायचीही. पण स्वतःचं म्हणून एक अक्षर तिच्या तोंडून आलं नाही.

यंदा दसऱ्याच्या आधी, नवा कापूस घरात यायला वेळ होता तेव्हा, शाळेत एक बाई मला म्हणाल्या, "तुमची जाऊ तिकडे निर्मल गावात दिसली हो. ओपन स्कूलची बारावीची परीक्षा देते ना? माझ्या भाचीच्याच खोलीत नंबर होता." मी हसून म्हटलं, हो, अभ्यास चांगला केला आहे तिने. मला काहीच ठाऊक नव्हतं. मेमो परत आल्यावर तिने तो घेऊन नाव घातलं असणार. पुस्तकं कुठून आणली, फी कशातून भरली, अभ्यास केव्हा केला, एका घरात राहून मला पत्ता नाही.

मी घरी येईपर्यंत जुळवत गेले. आठ दिवसांपूर्वी ती माहेरी जाते म्हणून नेरडीगोंड्याला गेली होती. तिथून निर्मल सरळ रस्त्यावर. जाताना फोन घरीच विसरली होती. तो फळीवर वाजत राहिला, दिराचे फोन येत राहिले, आणि सासूबाई "पोट्टी सारी येंधळी" म्हणत राहिल्या. मला आता कळलं की ती विसरली नव्हती. कोणी वाटेत विचारू नये, कुठं आहेस म्हणून कोणाला कळू नये, म्हणून तिने तो ठेवून दिला होता. मला तिचा अभिमान वाटला. दिराची चांगली जिरवली म्हणून मी वाटेत एकटीच हसले.

मग तिच्या जायचा दिवस आठवला. माहेरी जाताना ती नेहमी सकाळची पहिली बस पकडते, ऊन चढायच्या आत पोचते म्हणून. त्या दिवशी ती दहाच्या बसने गेली, हे सासूबाई संध्याकाळी बोलल्या होत्या. मी साडेआठला शाळेसाठी निघते. मी जाईपर्यंत ती अंगणात भांडी घासत बसली होती.